कुणीच न खोडलेली ओळ

नाव ऐकून हसू नका मित्रांनो. मी एक विकी आहे, आणि आता म्हातारा झालोय. वय विचाराल तर जेमतेम सात वर्षं. पण आमच्यात सात वर्षं म्हणजे पुष्कळ झाली. माझ्या बरोबरीचे कितीतरी कधीच बंद पडले. त्यांचं पान उघडलं तर नुसतं पांढरं दिसतं.

विकी म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं सगळं तुमच्या डोक्यावरून जाईल. समजा, गावच्या पारावर एक फळा ठेवला. शेजारी खडू ठेवला, डस्टर ठेवलं. आणि सांगितलं की येणाऱ्या-जाणाऱ्या कुणीही यावर लिहावं, आणि दुसऱ्याचं चुकलेलं दिसलं तर ते कुणीही पुसून नीट करावं. तो फळा म्हणजे मी. फरक इतकाच की मी पारावर नाही, फोनमध्ये आणि कॉम्प्युटरमध्ये उघडतो. आणखी एक फरक आहे. फळ्यावरचं पुसलं की गेलं. माझ्यावरचं पुसलेलं मी पोटात ठेवतो. 'इतिहास' नावाचं एक बटन आहे, ते दाबलं की कुणी काय लिहिलं होतं आणि कुणी कधी खोडलं, सगळं तारीखवार दिसतं. ते बटन सहसा कुणी दाबत नाही. दाबा की रे एकदा तरी.

माझा जन्म परभणी तालुक्यात झाला, झरीपासून थोडं आत असलेल्या एका गावच्या शाळेत. गावाचं नाव सांगणार नाही. ती माणसं अजून तिथंच राहतात, रोज एकमेकांना तोंड दाखवतात.

मला जन्म दिला सुमंगला मॅडमनी. त्या विज्ञान शिकवायच्या आणि पिंगळीहून रोज स्कूटीवर यायच्या. माझ्याआधी त्यांनी शाळेचा एक ब्लॉग काढला होता. तो माझा थोरला भाऊ म्हणा. त्याच्यावर मॅडम एकट्याच लिहायच्या आणि खाली लोक 'खूप छान उपक्रम' असं टाकून जायचे. चाळीस जणांनी खूप छान म्हटलं आणि एकानंही एक प्रश्न विचारला नाही. मॅडम वैतागल्या. त्या म्हणाल्या, मला वाहवा नको, मला बोलणारी पोरं पाहिजेत. मग त्यांनी एका फुकटच्या साइटवर मला उघडलं. माझ्यासाठी कुणाला दमडी मोजावी लागली नाही. तळाला केसांच्या तेलाची जाहिरात यायची, तेवढं सोसायचं. पहिल्या पानावर मॅडमनी दोन वाक्यं लिहिली: 'इथे कुणीही लिहावे. चुकलेले कुणीही दुरुस्त करावे.'

सुरुवातीचे दिवस काय मजेचे होते. पोरं घरी जाऊन म्हाताऱ्या माणसांना विचारायची आणि शाळेच्या लॅपटॉपवर येऊन लिहायची. गावातल्या विहिरी, बांधावरचं तण, कुठलं पाखरू कधी येतं, कशाचा पाला कशावर लावतात. पप्पूनं लिहिलं की वटवाघूळ हा पक्षी आहे. श्रद्धानं ते खोडलं. पप्पूनं परत लिहिलं. श्रद्धानं परत खोडलं. असं नऊ वेळा झालं आणि शेवटी पप्पूनं लिहिलं, 'वटवाघूळ पक्षी नाही पण उडतंय.' मला गुदगुल्या व्हायच्या. खोडाखोड हाच तर माझा श्वास होता.

एकच गोष्ट तेव्हा बिघडली, आणि ती कुणाच्या लक्षात आली नाही. मॅडमना ओळींखाली नावं नको होती. पण पालक सभेत सगळे धरून बसले की पोराचं नावच दिसत नसंल तर त्यानं लिवायचं तरी कशाला. मग प्रत्येक ओळीखाली नाव आणि इयत्ता लिहायची पद्धत पडली. पप्पूचं नाव खोडायला श्रद्धाला काही वाटायचं नाही. तो तिच्याच बाकामागं बसायचा.

आता दैवशालाचं सांगतो. माझी सगळी गोष्ट तिचीच आहे.

गावाबाहेर मेंढपाळांची चार घरं आहेत. त्यातल्या येडबाची ही मुलगी. तेव्हा सहावीत होती. वर्गात तोंडातून शब्द काढायची नाही, पण एकेका बोटानं टाइप करत माझ्यावर सगळ्यात जास्त तिनंच लिहिलं. तिची आजी कोंडाबाई जन्मभर मेंढरांमागं फिरलेली. कुठल्या मेंढीला काय झालं, हे ती नुसत्या चालीवरून सांगायची. दैवशालानं 'मेंढरांचे आजार' असं पान काढलं आणि आजी सांगेल ते जसंच्या तसं लिहीत गेली. त्यातलं एक मला पाठ आहे. माझ्या पोटातच आहे ते.

'कोंडाबाई आजी सांगती, ज्वारी कापल्यावर बुडातून जे फुटवे येतेत त्यात नजर असती. मेंढरू खाल्लं की धापा टाकून मरतंय. फुटवे ईतभर असले की मेंढरं तिकडं न्यायची न्हाईत. गुडघ्याच्या वर वाढले की नजर उतरती. – दैवशाला, ६ वी'

सुमंगला मॅडमनी हे वाचलं होतं. त्यांनी खाली लिहिलं, 'नजर म्हणजे काय असेल? शोधूया.' आणि शोधायच्या आधीच त्यांची बदली झाली. नव्या शाळेत गेल्यावर महिनाभर त्या मला उघडून बघायच्या. मग तिथलं काम वाढलं असेल. मी राग धरला नाही, पण वाईट वाटलं. घरातलं कर्तं माणूस गेलं की पोरांना वाटतं तसं वाटलं.

मॅडम गेल्यावर मला सांभाळलं ते मुख्याध्यापक अप्पाराव सरांनी. सगळं गाव त्यांना अप्पा सर म्हणतं. त्यांना वाईट म्हणू नका हं. म्हणणार असाल तर मी पुढचं सांगत नाही. सर मूळचे वालूरचे, भिक्षुकी करणाऱ्या घरातले. लहानपणी घरात ज्याची त्याची दृष्ट काढायची, गंडेदोरे बांधायचे, ताप आला तरी अंगारा लावायचा. त्यांची धाकटी बहीण अशीच अंगाऱ्यावर ठेवली आणि गेली. तेव्हापासून सरांनी ठरवलं होतं की आपल्या शाळेत असलं काही चालू द्यायचं नाही. आणि त्यांनी खरंच चालू दिलं नाही. त्यांच्यामुळं गावातल्या कितीतरी बायका पोरांना वेळेवर दवाखान्यात न्यायला शिकल्या. छप्पन्नाव्या वर्षी सर माझ्यासाठी टाइप करायला शिकले. गाव त्यांच्या शब्दाबाहेर नव्हतं.

पुढच्या वर्षी जिल्ह्यात शाळांच्या उपक्रमांची स्पर्धा लागली. मला बघायला पाहुणे येणार होते. एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर सर लॅपटॉप घेऊन बसले आणि माझं एकेक पान वाचू लागले. शुद्धलेखन सुधारलं. 'लय' चं 'खूप' केलं. मग 'मेंढरांचे आजार' उघडलं, आणि 'नजर' हा शब्द दिसला. सरांचा चेहरा मी अजून विसरलो नाही. रागावले नव्हते, दुखावले होते. आपल्याच शाळेत, आपल्या नाकाखाली. त्यांनी कोंडाबाईच्या चारही ओळी निवडल्या आणि खोडल्या. मॅडमचा प्रश्नही गेला. त्या जागी लिहिलं:

'ज्वारीचे कोवळे फुटवे हा पौष्टिक हिरवा चारा आहे. त्यात नजर वगैरे काही नसते. मेंढ्यांना निर्धास्तपणे चारावेत. – अप्पाराव सर, मुख्याध्यापक'

हिरवा चारा पौष्टिक असतो हे सरांनी कुठंतरी वाचलं होतं. त्यांच्या घरी कधी शेळीसुद्धा नव्हती. मी ती ओळ घेतली आणि दाखवायला लागलो. मी असाच आहे मित्रांनो. खरं लिहा, चुकीचं लिहा, मी दोन्ही सारख्याच ठळक अक्षरांत दाखवतो. मला जीभ नाही.

स्पर्धेत मला दुसरा नंबर मिळाला. सरांचा सत्कार झाला. माझ्या पहिल्या पानाचा फोटो पेपरात आला, केसांच्या तेलासकट. त्या आठवड्यात मला जितक्या लोकांनी उघडलं तितकं पुन्हा कधी उघडलं नाही. कौतुक मलाही आवडलं. खोटं कशाला बोलू.

त्या शनिवारनंतरच्या सोमवारीच दैवशालानं ते पान उघडलं. आजीच्या ओळी गेलेल्या तिनं पाहिल्या. तिनं 'बदला' हे बटन दाबलं. पांढरी चौकट उघडली आणि सरांच्या ओळीपुढं कर्सरची काठी लुकलुकायला लागली. एक बोट खाली आलं असतं तर काम झालं असतं. तिनं चौकट बंद केली. मंगळवारी परत उघडली, परत बंद केली. त्या वर्षभरात तिनं अशी चार वेळा चौकट उघडली. प्रत्येक वेळी मला वाटायचं, दाब पोरी, दाब. पण खाली सरांचं नाव होतं. जे सर दारात दिसले की तिचा बाप डोक्याचं मुंडासं काढून हातात घ्यायचा, त्यांचं नाव.

एवढ्यात कोंडाबाई अंथरुणाला खिळली. येडबाच्या फोनवर ती नातीकडून मला वाचून घ्यायची. एक दिवस म्हणाली, "माजं फुटव्याचं लिवल्यालं हाय का गं अजून?"

"हाय आजी."

"वाच बरं."

दैवशालानं मला उघडलं. माझ्यावर सरांची ओळ होती. पोरीनं माझ्याकडं बघत बघत आजीच्या चारही ओळी म्हणून दाखवल्या, एक शब्द न चुकता. जणू काही त्या तिथंच होत्या. कोंडाबाई डोळे मिटून ऐकत होती.

"बरं झालं," ती म्हणाली. "माज्यामागं ऱ्हाईल मंग."

पंधरा दिवसांनी ती गेली.

त्याच वर्षी ज्वारी कापून झाल्यावर येडबाला रस्त्यावर मोटारसायकलनं उडवलं. मांडीचं हाड मोडलं. त्याला परभणीच्या दवाखान्यात ठेवलं आणि बायको सोबतीला गेली. फोन त्या धडकेतच फुटला होता. घरी उरली दैवशाला आणि तेहतीस मेंढरं. म्हणून मोठा भाऊ आदिनाथ परभणीहून आला. तो चौथीपासून तिथं मामाकडं राहायचा आणि वायरमनचा कोर्स करत होता. मेंढरांमागं तो कधी गेला नव्हता. तरी आला, कुरकुर न करता. चांगला पोरगा आहे तो.

गावात गोपाळराव म्हणून एकांचं रान आहे. ते राहायचे परभणीला, शेतात यायचे पेरणीला आणि काढणीला. त्यांनी आदिनाथला फोन केला की माझ्या रानात मेंढरं बसव. आमच्याकडं तशी पद्धत आहे. कळप चार-आठ दिवस रानात बसवला की लेंड्यांचं खत होतं आणि मेंढपाळाला धान्य मिळतं. आदिनाथला आनंद झाला. बाप दवाखान्यात असताना आपण काहीतरी मिळवतोय असं त्याला वाटलं.

सकाळी निघताना तो बहिणीला म्हणाला, "गोपाळरावाच्या रानात ज्वारीचे फुटवे लय आलेत. आज तिकडंच घालतो."

दैवशाला वेणी घालत होती. ती थांबली. "फुटवे केवढे हायत?"

"ईतभर असतील."

"नगं दादा. आजी न्हाई म्हणायची. मरतेत म्हणायची."

"तू कधी मेलेलं बघितलंस का?"

"न्हाई." कशी बघणार? आजीनं कधी तिकडं नेलंच नव्हतं.

आदिनाथनं फोन काढला आणि मला उघडलं. "हे बघ, तुमच्याच शाळेचं हाय. अप्पा सरांनी लिवलंय, निर्धास्तपणे चारावेत. आता सर काय उगंच लिवतेत का?"

तिनं माझ्याकडं बघितलं. त्या ओळीकडं ती वर्षभर बघत होती. "न्हाई," ती म्हणाली.

"मंग?"

"काही न्हाई. जा तू."

तिनं दप्तर उचललं आणि शाळेत गेली. तिला वाटलं, सर एवढे शिकलेले. आजीला सही येत नव्हती. आपणच कुठंतरी चुकत असू. मित्रांनो, असं वाटणं मी चूक म्हणत नाही. पण त्या दिवशी तिनं जाता जाता आणखी एकदा नगं म्हटलं असतं, तर आदिनाथ थांबला असता. हे तिलाही माहीत आहे, आणि तेच वाईट आहे.

पुढचं मी आदिनाथच्या खिशातून ऐकलं. पान उघडंच राहिलं होतं. मेंढरं भुकेली होती, ती तुटून पडली. पाव-अर्धा तास नुसता कुरतडण्याचा आवाज. मग एक मेंढी खोकल्यासारखं करायला लागली. मग दुसरी. मग सगळ्या रानात धापा ऐकू यायला लागल्या. आदिनाथ एकीकडून दुसरीकडं पळत होता. तोंडाला फेस आलेली मेंढी उचलून उभी करायचा, ती परत पडायची. "काय झालं, काय झालं गं," असं तो मेंढ्यांनाच विचारत होता. मग त्यानं फोन काढला आणि घाईत परत माझंच पान खालीवर करून बघितलं. उपाय काय ते त्यावर नव्हतं. त्यावर निर्धास्तपणे चारावेत एवढंच होतं.

गावातल्या सिद्धोधननं झरीला फोन लावला. जनावरांचे डॉक्टर हातातलं काम टाकून मोटारसायकलवर आले आणि जी उभी होती त्यांना सुया दिल्या. अकरा मेंढरं वाचली. बावीस त्या रानात आडवी पडली होती. त्यातली बरीच गाभण होती.

शाळेत दुपारच्या सुट्टीत बातमी आली. दैवशाला खिचडीचं ताट घेऊन बसली होती. कुणीतरी येऊन सांगितलं. ती रडली नाही. ताट तसंच ठेवून उठली आणि गोपाळरावांच्या रानाच्या दिशेनं चालत निघाली. तिला कुणी हाक मारली नाही.

आदिनाथनं माझं पान वाचूनच मेंढरं तिकडं नेली हे अप्पा सरांच्या कानावर आलं. दोन दिवसांनी शाळा सुटल्यावर त्यांनी दार लावून घेतलं आणि माझं 'इतिहास' बटन दाबलं. माझ्या जन्मापासून ते बटन पहिल्यांदा कुणीतरी मनापासून दाबलं होतं. तिथं सगळं होतं. दैवशालाच्या चार ओळी. मॅडमचा प्रश्न. आणि खाली तारीख, वेळ, 'अप्पाराव सर यांनी काढून टाकले'. सरांनी डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांनी सांगितलं की ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यांत विष असतं, पीक वाढत गेलं की ते कमी होतं, आणि ईतभर, म्हणजे वीतभर उंचीचे फुटवे सगळ्यात वाईट. फोन ठेवून सर बराच वेळ त्या चार ओळी वाचत राहिले. कोंडाबाईनं सांगितलेलं सगळं खरं होतं, विषाचं नाव तेवढं तिला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सर लॅपटॉप घेऊन वस्तीवर गेले. आदिनाथनं बाज पुढं केली. सर बसले नाहीत.

"दैवशाला, तुला माहीत होतं?"

"हो सर."

"मी लिहिलेलं चूक आहे हे दिसत होतं तुला?"

 तिनं हो म्हणून मान हलवली.

"मग खोडलं का नाहीस बाळा? पहिल्याच पानावर लिहिलंय की, कुणीही दुरुस्त करावं."

"तुमचं नाव हाय सर तिथं," ती म्हणाली. "तुमचं कसं खोडायचं?"

सर खाली बसले. बाजेवर नाही, मातीत.  वाचलेल्या मेंढरांतलं एक कोकरू आईला शोधत ओरडत होतं, तेवढाच आवाज. मग सरांनी लॅपटॉप उघडून तिच्यापुढं ठेवला.

"आता खोड. मी सांगतोय म्हणून खोड. आणि तुझं लिही."

दैवशालानं 'बदला' दाबलं. सरांच्या ओळीपाशी आली आणि थांबली.  तिनं ती ओळ खोडली नाही. खाली जागा सोडून एकेका बोटानं लिहिलं, जतन केलं, आणि लॅपटॉप सरांकडं वळवला. सरांच्या ओळीखाली आता असं होतं:

'आजी म्हणती फुटवे मेंढरांना घालू नयेत. सरांचं बी बरोबर असंल. – दैवशाला, ८ वी'

सरांनी ते वाचलं. बावीस मेंढरं गेली होती, बाप दवाखान्यात होता, आणि पोरगी लिहीत होती की सरांचं बी बरोबर असंल. सर रडले. मुख्याध्यापक माणूस, पोरांसमोर रडला. मग डोळे पुसून त्यांनी स्वतःची ओळ स्वतःच्या हातानं खोडली.

आदिनाथ वाकून बघत होता. तो म्हणाला, "सर, ते शेवटचं बी काढा की. सरांचं बी बरोबर असंल म्हणून हाय ते. वाचणाऱ्याला वाटंल चालतंय."

"नाही," सर म्हणाले. "एकदा मी तिचं खोडलं. परत खोडणार नाही. ती तिची ओळ आहे, तिनंच काढावी."

"मंग खाली तुमी नीट लिवा. डॉक्टर काय म्हणले ते."

"मी नाही लिहिणार आता. माझं नाव दिसलं की लोक डोळे झाकून धरतात."

त्यानंतर सरांनी माझ्यावर एक अक्षर लिहिलं नाही. उन्हाळ्यात ते निवृत्त झाले. नव्या मुख्याध्यापकांना मला सांभाळायचा पासवर्ड कुणी दिला नाही, त्यांनीही मागितला नाही. पोरं आता व्हिडिओ बघतात. पप्पू आणि श्रद्धा दोघं शिकायला बाहेरगावी गेले. माझ्यावर कुणी भांडत नाही. मी आहे तसा आहे.

येडबाचा पाय नीट जुळला नाही. मेंढरांमागं चालणं आता त्याच्यानं होत नाही. उरलेली अकरा विकून टाकली. आदिनाथचा कोर्स अर्ध्यात सुटला. दैवशालाला मावशीकडं धाडलं, जिंतूरच्या डोंगराकडं. ती आता मावशीच्या मेंढरांमागं असते. आठवीची परीक्षा तिनं दिली नाही. ते बाक वर्षभर रिकामं होतं, नंतर दुसरं कुणीतरी बसलं.

गेल्या आठवड्यात एका दुपारी तिनं मला उघडलं. बहुतेक मावशीचा फोन असावा. तेच पान, तेच बटन. पांढरी चौकट उघडली आणि 'सरांचं बी बरोबर असंल' या शब्दांच्या शेवटी काठी लुकलुकायला लागली. अकरा मिनिटं. मागं मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या. मग तिनं चौकट बंद केली. काहीही बदललेलं नव्हतं.

मित्रांनो, मी तुमच्याकडं रंगरंगोटी मागत नाही, की कौतुक मागत नाही. ती ओळ माझ्यावर अजून आहे. सर ती खोडणार नाहीत, कारण ती दैवशालाची आहे. दैवशाला ती खोडणार नाही, कारण तिच्यात सरांचा मान आहे. दोघंही भली माणसं आहेत आणि दोघांच्या भलेपणात ती ओळ सुखरूप बसली आहे. मला हात नाहीत. तुम्हाला आहेत. तुमच्यापैकी कुणीही येऊ शकतं, कुणाची परवानगी लागत नाही. 'बदला' दाबा, ते चार शब्द काढा, आणि डॉक्टर काय म्हणाले ते लिहा. आणि तुमच्या शाळेत माझ्यासारखं कुणी असेल, तर चूक दिसली की आधी ती नीट करा, खाली नाव कुणाचं आहे ते मागाहून वाचा. मोठ्यांचा मान त्यानं कमी होत नाही. अप्पा सरांना विचारा, ते सांगतील.

मात्र जरा लवकर करा. यंदाची ज्वारी कापून झाली आहे. काल एका अनोळखी फोनवरून कुणीतरी मला उघडलं. 'ज्वारी फुटवे मेंढ्या' एवढंच शोधलं होतं. त्यानं पान शेवटपर्यंत वाचलं, शेवटच्या ओळीवर थोडा थांबला, आणि बंद केलं. मेंढरं घेऊन तो कुठल्या रानात गेला ते मला माहीत नाही.